गोड्या पाण्यातील गृह-मत्स्यालय : संगोपनाची शास्त्रीय बैठक (कोलाड परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

घरात शोभेचे मासे व जलवनस्पती पाळण्याचा छंद शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. तथापि या छंदात नवोदितांचे मासे बहुधा पहिल्या महिनाभरातच दगावतात आणि अनेक मत्स्यपेट्या माळ्यावर जाऊन पडतात. या अपयशामागे दुर्दैव नसून पाण्यातील नत्रचक्राविषयीचे अज्ञान असते. प्रस्तुत लेखात मत्स्यपेटीतील जैवरासायनिक प्रक्रिया, कोलाड परिसरातील पाणी, हवामान व वीजपुरवठा यांच्या अनुषंगाने घ्यावयाची काळजी, तसेच पाळीव मासे व वनस्पती नैसर्गिक जलस्रोतांत सोडल्याने उद्भवणारा धोका यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : मत्स्यालय, नत्रचक्र, सामू, जलवनस्पती, कुंडलिका नदी, परकीय प्रजाती.

१. प्रस्तावना

जलचरांविषयीचे कुतूहल महाराष्ट्राच्या भूमीला नवे नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात माशांचे प्रकार व त्यांना द्यावयाचे खाद्य यांची नोंद केली. १८३९ मध्ये कर्नल साईक्स याने दख्खनमधील माशांचे शास्त्रीय वर्णन करताना अनेक प्रजातींना स्थानिक बोलीतील नावेच बहाल केली. ‘गारा मुल्ल्या’ हे त्यांपैकी एक होय. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय खुले झाले आणि काचेमागचा मासा सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला येथील दुकानांतून प्लॅस्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून आणलेला मासा आज मुंबई-गोवा महामार्गाने कोलाड, रोहा, पेणपर्यंत सहज पोहोचतो.

मासा पोहोचतो, परंतु त्याच्यासोबत त्याचे शास्त्र पोहोचतेच असे नाही. वास्तुशास्त्र वा फेंगशुईच्या सल्ल्याने दिवाणखान्यात मत्स्यपेटी येते. तीत लहान गप्पीपासून पूर्ण वाढीला दोन फुटांहून अधिक लांब होणाऱ्या अरोवानापर्यंत काहीही सोडले जाते. आठ-दहा दिवसांत पाणी दुधाळ होते, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात आणि एकेक करून मरतात. मालक सर्व पाणी उपसून, वाळू धुऊन, पुन्हा नवे मासे आणतो व तेच चक्र पुन्हा घडते. असे का होते, हा प्रस्तुत लेखातील पहिला प्रश्न होय.

२. ‘स्वच्छ’ पाणी आणि ‘सिद्ध’ पाणी

मासा खाद्यातील प्रथिनांचे विघटन करतो व त्यातून निर्माण झालेला अमोनिया प्रामुख्याने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य, विष्ठा व कुजलेली पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो प्रवाहाने विरळ होतो. काचेच्या पेटीत मात्र तो साठत जातो. अमोनिया रंगहीन असल्याने पाणी आरशासारखे नितळ दिसत असूनही माशांना घातक असू शकते. म्हणूनच पाण्याची स्वच्छता डोळ्यांनी ठरविता येत नाही.

निसर्गात या अमोनियाची विल्हेवाट जिवाणू लावतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राईटमध्ये आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राईटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राईट माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नष्ट करते, म्हणून तेही विषारीच ठरते. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी असून वनस्पती त्याचा खत म्हणून उपयोग करतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा वाळूच्या कणांवर, काचेवर आणि विशेषतः गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात. त्यांची वाढ मंद असल्याने नव्या पेटीत त्यांची पुरेशी वसाहत होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात प्रथम अमोनिया व त्यामागून नायट्राईट वाढते आणि दोन्ही शून्यावर आल्यानंतरच पाणी ‘सिद्ध’ झाले असे म्हणता येते.

नवोदिताचे मासे नेमके याच कालावधीत का मरतात, याचा उलगडा येथे होतो. सर्व वाळू व स्पंज नळाच्या पाण्याखाली घासून धुण्याची सवय घातक का, हेही येथेच समजते. क्लोरीनयुक्त पाण्याने जिवाणूंची वसाहत नष्ट होते आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज धुवावयाचाच असेल तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. नव्या पेटीत एखाद्या निरोगी, जुन्या पेटीतील वापरलेला स्पंज वा मूठभर वाळू घातल्यास हा कालावधी बराच कमी होतो. दह्यासाठी विरजण लागते, तसेच हे विरजण होय.

अमोनियाची विषारीता सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असता एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का अमोनिया अतिविषारी, मुक्त स्वरूपात असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते, म्हणजेच जवळजवळ नऊ पट होते. भर उन्हात ठेवलेल्या पेटीत वनस्पती व शेवाळ कर्बवायू शोषून घेतात आणि दुपारी सामू चढतो. सकाळी तंदुरुस्त दिसणारे मासे दुपारी अकस्मात अस्वस्थ होण्यामागे कित्येकदा हे कारण असते.

३. पेटीची मांडणी : काही आकडेमोड

६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच पेटीचे आकारमान ५४ लिटर भरते. तळाशी पाच सेंटिमीटर वाळू आणि वरची थोडी मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ४० ते ४५ लिटरच राहते. काच, वाळू व पाणी मिळून वजन ६५ किलोच्या घरात जाते, म्हणून टीपॉयवर वा टेबलाच्या कडेला पेटी ठेवणे धोक्याचे असते. एवढ्या पाण्यात तीन-चार सेंटिमीटर लांबीचे दहा-बारा मासे सुखाने राहू शकतात. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवण्याची पद्धत मात्र सर्वस्वी त्याज्य होय. पाण्याचा अल्प साठा, अरुंद पृष्ठभाग आणि भरपूर विष्ठा करणारा मासा असे तिन्ही दोष तेथे एकत्र येतात.

पाणी किती बदलावे, या प्रश्नाचे उत्तर साध्या गणिताने मिळते. समजा, दर आठवड्यास पाण्यात प्रतिलिटर ५ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलल्यास नायट्रेट वाढत वाढत २० मिलिग्रॅमपर्यंत जाते, पाणी बदलल्यावर १५ वर येते आणि त्यापुढे या मर्यादेतच राहते. दशांशच पाणी बदलल्यास ते ५० मिलिग्रॅमपर्यंत चढते. पाणी मुळीच न बदलता केवळ आटलेले पाणी भरत राहिल्यास वाढीला मर्यादाच राहत नाही. बाष्पीभवनाने पाणी उडून जाते, विरघळलेले पदार्थ मागेच राहतात. वरील पेटीसाठी चतुर्थांश म्हणजे सुमारे दहा लिटर, अर्थात आठवड्याला एक बादली. पाण्याने भरलेल्या या बादलीएवढे प्रभावी औषध बाजारात उपलब्ध नाही.

खाद्याच्या बाबतीतही मर्यादा पाळावी लागते. दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच खाद्य दिवसातून एक-दोनदा द्यावे. निरोगी प्रौढ मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. न खाल्लेले खाद्य मात्र एका रात्रीत कुजू लागते.

४. कोलाड परिसराची वैशिष्ट्ये

(अ) पाणी : गावोगावी विहीर वा साठवण टाकीचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत टीसीएल पावडर वापरली जाते व पावसाळ्यात तिचे प्रमाण साहजिकच वाढते. हे क्लोरीन मानवी आरोग्यासाठी आवश्यक असले तरी माशांचे कल्ले व उपयुक्त जिवाणू या दोहोंना मारक ठरते. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवल्यास क्लोरीन उडून जाते. तातडी असल्यास सोडियम थायोसल्फेटचा, म्हणजेच जुन्या छायाचित्रकारांच्या परिचयाच्या ‘हायपो’चा, अल्प वापर करता येतो.

रायगड जिल्ह्याच्या या भागात पावसाचे प्रमाण मोठे असल्याने ‘शुद्ध’ पावसाचे पाणीच पेटीत भरावे, असा मोह होतो. तो टाळणे इष्ट होय. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असतात. नत्रचक्रात आम्ल निर्माण होते आणि ते पचविण्याची क्षमता अशा पाण्यात नसल्याने सामू झपाट्याने घसरतो. सामू फार घसरला की जिवाणूंचे कार्यही मंदावते. अशा वेळी मूठभर शिंपल्यांचे तुकडे गाळणीजवळ ठेवल्यास ते हळूहळू विरघळून सामू सावरतात. याउलट, समुद्रकिनाऱ्याची वा खाडीची वाळू सरसकट तळाशी अंथरल्यास पाणी अवाजवी कठीण होते. वाळूवर लिंबाचा रस टाकला असता बुडबुडे आले, तर तीत शिंपल्यांचा चुरा आहे असे समजावे. बेसाल्ट खडकाची काळी वाळू या दृष्टीने निर्धोक ठरते.

(आ) तापमान व प्राणवायू : कोकणातील उष्ण-दमट हवामानात उष्णकटिबंधीय माशांना वर्षातील बहुतेक काळ तापकाची गरज पडत नाही. खरी अडचण एप्रिल-मे महिन्यांत उद्भवते. २० अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांच्या पाण्यात हेच प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत खाली येते, तर माशाची प्राणवायूची गरज उष्णतेबरोबर वाढते. म्हणून उन्हाळ्यात माशांची संख्या कमी ठेवणे, झाकण उघडे ठेवून वर जाळी लावणे आणि पृष्ठभाग सतत हलता ठेवणे हे उपाय योजावेत.

(इ) वीजपुरवठा : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्ह्यातील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वीज खंडित होताच हवेचा पंप थांबतो. प्रथम प्राणवायू घटतो, त्यामागून गाळणीतील जिवाणू गुदमरू लागतात. अशा प्रसंगी खाद्य पूर्णतः बंद करावे, तांब्याने पेटीतील पाणी काढून उंचावरून पुन्हा ओतावे आणि बंद डब्याची गाळणी असल्यास तिच्यातील साचलेले पाणी वीज आल्यावर पेटीत न सोडता टाकून द्यावे. विजेवर चालणाऱ्या यंत्रणेवर सर्वस्वी विसंबून भरगच्च मासे ठेवणारी पेटी या प्रदेशात टिकाऊ ठरत नाही. मोजके मासे व भरपूर वनस्पती हीच येथील सुरक्षित रचना होय. गुरामी व फायटर या माशांना पृष्ठभागावरील हवेतून थेट प्राणवायू घेणारे विशेष इंद्रिय असल्याने ते अशा संकटात अधिक तग धरतात.

५. जिवंत वनस्पतींचे स्थान

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी यांच्या साहाय्याने पाण्याचा समतोल राखता येतो, हे केमिकल सोसायटीसमोर मांडले. वनस्पतीचे पान कुजून पाणी बिघडते आणि गोगलगाय ते खाऊन तो दोष दूर करते, हे त्याचे निरीक्षण आजही मोलाचे आहे. हीच व्हॅलिस्नेरिया भारतातील गोड्या पाण्यातही आढळते.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उलट्या परीक्षानळीत प्राणवायूचे बुडबुडे दाखविणारी हायड्रिला प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. गृह-मत्स्यालयात हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया व सेरॅटोफायलम या तीन सुलभ वनस्पती विनाखर्च मोठे काम करतात. त्या अमोनिया थेट शोषून घेतात, शेवाळाचे अन्न पळवितात आणि पिल्लांना आडोसा देतात. मात्र त्या दिवसा प्राणवायू सोडतात व रात्री तोच वापरतात, हे विसरता कामा नये. दाट वनस्पतींच्या पेटीत प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून हवेचा पंप केवळ काही तासच चालवावयाचा असेल तर तो रात्री चालविणे श्रेयस्कर ठरते. प्रकाश रोज सुमारे आठ तास, शक्यतो ठराविक वेळी द्यावा. थेट ऊन शेवाळाला आमंत्रण देते.

ओहोळातून वा तळ्यातून आणलेली वनस्पती थेट पेटीत घालू नये. तिच्यासोबत चतुराच्या अळ्या व जळवा येतात आणि चतुराची अळी माशांची पिल्ले खाते. तुरटीच्या पाण्यात काही वेळ बुडवून, स्वच्छ धुऊन, काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवल्यावरच ती वापरावी. तसेच सह्याद्रीच्या सड्यांवरील डबक्यांत उगवणारा वायतुरा, ओढ्यांतील क्रिप्टोकोरायनच्या दुर्मीळ प्रजाती इत्यादी प्रदेशनिष्ठ वनस्पती छंदासाठी उपटणे सर्वथा अनुचित होय. बाजारातील संवर्धित रोपेच घ्यावीत.

६. माशांची निवड व आरोग्य

मासे निवडताना आकर्षक रंगापेक्षा पूर्ण वाढीनंतरची लांबी व स्वभाव यांचा विचार अग्रक्रमाने करावा. थव्याने राहणारा झेब्रा मासा सहाच्या संख्येत ठेवल्यास निर्धास्त वावरतो. गप्पी, प्लॅटी यांसारखे पिल्ले घालणारे मासे नवोदितांस अनुकूल असले तरी त्यांची संख्या वेगाने वाढते व अतिरिक्त पिल्लांचे काय करावे, हा प्रश्न काही महिन्यांतच उभा राहतो.

नव्या माशाची पिशवी पेटीत १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवून तापमान समान करावे व पेटीतील पाणी थोडेथोडे पिशवीत मिसळून नंतरच मासा सोडावा. शक्य असल्यास त्यास दोन आठवडे वेगळे ठेवावे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे हे इक्थिओफ्थिरियस या परजीवीचे लक्षण असते. हा परजीवी त्वचेखाली असताना औषधास दाद देत नाही. तो पाण्यात मुक्त पोहत असतानाच औषधाने मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे होताच औषध थांबविणे चुकीचे ठरते व उपचार पूर्ण मुदतीपर्यंत चालू ठेवावे लागतात.

७. पेटी आणि नदी

छंद सुटतो, बदली होते, अथवा मासा पेटीत मावेनासा होतो. अशा वेळी ‘मुक्या जीवाला मोकळे करावे’ या सद्भावनेने मासा नदीत वा तळ्यात सोडला जातो. ही करुणा अनेकदा विनाशक ठरते.

कोलाडला या बाबीचे विशेष महत्त्व आहे. येथून वाहणाऱ्या कुंडलिकेस पावसाळ्याखेरीज मिळणारे पाणी प्रामुख्याने भिरा येथील जलविद्युत केंद्रातून येते. हे केंद्र १९२७ मध्ये कार्यान्वित झाले. त्यासाठी मुळशी येथे मुळा नदीवर धरण बांधण्यात आले व त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह सर्वश्रुत आहे. मुळा ही भीमेमार्गे कृष्णेस, म्हणजेच बंगालच्या उपसागरास मिळणारी नदी. तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवून कुंडलिकेत व पुढे रेवदंड्याच्या खाडीत येते. सह्याद्रीचा कणा हा पूर्व व पश्चिमवाहिनी नद्यांतील जलचरांमधील नैसर्गिक बांध होता. मानवाने त्यास एक वाट पाडली आहेच. बोगदे व जनित्रे ओलांडून प्रत्येक जीव सुखरूप येईल असे नाही. परंतु पिशवीत घालून नेलेल्या माशास कोणताही बांध अडवू शकत नाही.

याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. पेटीतील शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा, मूळ दक्षिण अमेरिकेतील सकर मासा उजनी जलाशयात पसरला असून त्याच्या कठीण, काटेरी कवचामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात आणि त्यास बाजारात मोल नाही. सुंदर जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकात भारतात आलेली जलपर्णी आज असंख्य जलाशय व्यापून बसली आहे. उलटपक्षी, आपली साधी हायड्रिला मत्स्यालय व्यापारातून १९५० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली व तेथील जलमार्गांना तिने विळखा घातला. थोडक्यात, प्रजाती मुळात चांगली वा वाईट नसते. ती कोठे आहे, यावर सारे अवलंबून असते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांत सोडला जाणारा गप्पीसुद्धा परकीयच होय. बंदिस्त टाकीत तो उपयुक्त आहे, ओहोळात नव्हे. पश्चिम घाटातील प्रवाहांत डोक्यावर चमकदार ठिपका असलेला अप्लोकायलस हा देशी मासा अळ्या खाण्याचे तेच कार्य करतो.

कोकणात पहिल्या पावसाबरोबर अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने शेतांत चढणाऱ्या माशांना ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. ओहोळ, शेत व नदी ही त्या काळात एकच जलव्यवस्था होते. अंगणातील उघडी टाकी वा कुंड अतिवृष्टीत भरून वाहिल्यास त्यातील परकीय मासा याच वाटेने नदीपर्यंत जातो. यास्तव उघड्या टाकीचा काठ पुराच्या पातळीहून उंच असावा आणि ओसंडणाऱ्या पाण्यास जाळी असावी. नकोसे मासे दुकानदारास वा अन्य छंदिष्टास द्यावेत. छाटलेली वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून झाडांच्या मुळाशी घालावी. पेटीतून काढलेले पाणी गटारात न सोडता कुंड्यांना घालावे. त्यातील नायट्रेट हे उत्तम खत असते.

८. शैक्षणिक व आर्थिक उपयुक्तता

महाविद्यालयातील एक मत्स्यपेटी अनेक विषयांचे प्रात्यक्षिक ठरू शकते. सामू व नायट्रेटचे मापन रसायनशास्त्रास, जिवाणूंची वसाहत सूक्ष्मजीवशास्त्रास, थव्याचे वर्तन प्राणिशास्त्रास आणि पाणीबदलाची श्रेढी गणितास विषय पुरविते. शोभिवंत मत्स्यपालन हा पूरक व्यवसायही होऊ शकतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश करण्यात आला. रोहा येथील कृषी विज्ञान केंद्र, दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ व मुंबईतील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था या संस्था या परिसरातील इच्छुकांच्या आवाक्यात आहेत.

९. निष्कर्ष

१) नव्या मत्स्यपेटीतील बहुतांश मृत्यू नत्रचक्र स्थिर होण्यापूर्वी मासे सोडल्याने होतात. चार ते सहा आठवड्यांचा संयम हाच त्यावरील उपाय होय.

२) गाळणीतील जिवाणूंचे रक्षण आणि दर आठवड्यास चतुर्थांश पाण्याचा बदल ही संगोपनाची दोन मूलभूत सूत्रे आहेत.

३) कोलाड परिसरात क्लोरीनचे चढउतार, उन्हाळ्यातील प्राणवायूची तूट व वीज खंडित होण्याची शक्यता लक्षात घेता मोजके मासे व भरपूर वनस्पती ही रचना सर्वाधिक सुरक्षित ठरते.

४) पाळलेला मासा वा वनस्पती नैसर्गिक पाण्यात कदापि सोडू नये. एका जिवाला दिलेली मोकळीक नदीतील असंख्य जिवांच्या मुळावर येऊ शकते.